रिकाम्या दवाखान्याचा सौदा : आधी कागद, मग किंमत

आपल्या मध्यम शहरांतून फिरताना एक दृश्य आता सर्रास दिसू लागले आहे. भर वस्तीत दोन किंवा तीन मजली इमारत, दर्शनी भागावर पुसट झालेली डॉक्टरांची पाटी, खाली बंद शटर, आणि जाळीला टांगलेला 'विकणे आहे' असा फलक. हा फलक एकदा लागला की वर्षानुवर्षे हलत नाही. मालक म्हणतो गिऱ्हाईक नाही, दलाल म्हणतो भाव जास्त आहे, आणि वारस म्हणतात घाई कसली. या तिघांच्या बोलण्यात इमारत मात्र दर पावसाळ्यात थोडी थोडी खचत जाते.

आमच्या वाचकांपैकी कित्येकांचा अशा इमारतींशी संबंध येतो. कोणी डॉक्टरला जागा भाड्याने दिलेली असते, कोणाच्या घरातच डॉक्टर होऊन गेलेले असतात, कोणाचे खालच्या गाळ्यात औषधांचे किंवा चष्म्याचे दुकान असते, तर कोणी अशी इमारत आपल्या धंद्यासाठी घ्यावी काय या विचारात असतो. म्हणून या विषयाचा व्यवहाराच्या अंगाने विचार करू. उदाहरणादाखल मिरज शहर डोळ्यांपुढे ठेवू.

मिरज हे जसे सतारी बनविणाऱ्या कारागिरांचे गाव, तसेच ते दवाखान्यांचे गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी 1894 साली येथे मिशन इस्पितळ सुरू केले. 1962 साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. रेल्वेचे मोठे जंक्शन असल्याने कर्नाटकातूनही रुग्ण येत राहिले आणि त्यांच्या आधाराने खासगी दवाखाने, तपासणी केंद्रे, औषधांची दुकाने, खाणावळी व लॉज उभे राहिले. अशा गावात दवाखान्याची इमारत चुटकीसरशी विकली जाईल असे कोणालाही वाटेल. वस्तुतः तसे होत नाही. मिरजेत असो वा सोलापुरात, मालेगावात असो वा लातुरात, अडचणीची कारणे बहुतांशी सारखीच आहेत.

डॉक्टर गिऱ्हाईक मागे का सरते?

मालकाची पहिली समजूत अशी की दवाखान्याची इमारत डॉक्टरच घेणार. पूर्वी ते खरे होते. एक डॉक्टर निवृत्त झाला की दुसरा तरुण डॉक्टर पाटी बदलून तेथेच बसत असे. आता तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली गोष्ट आगीपासून संरक्षणाची. 2021 साली जानेवारीत भंडारा येथे, एप्रिलमध्ये विरार येथे आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगर येथे रुग्णालयांना आगी लागून माणसे दगावली. त्यानंतर रुग्णालयांच्या तपासणीकडे फार बारकाईने पाहिले जाऊ लागले. अग्निप्रतिबंधाचा राज्याचा कायदा 2006 सालचा आहे. बाहेर पडण्याचे पुरेसे मार्ग, पाण्याची व्यवस्था, धुराची सूचना देणारी यंत्रणा, हे सर्व चाळीस वर्षांपूर्वी बंगल्याच्या धर्तीवर बांधलेल्या दवाखान्यात बसविणे खर्चाचे, आणि काही ठिकाणी अशक्यच असते.

दुसरी गोष्ट परवान्याची. शुश्रूषागृहाची नोंदणी 1949 च्या कायद्याखाली होते. ती इमारतीबरोबर विकली जात नाही. नव्या डॉक्टरला आपल्या नावाने नवी नोंदणी घ्यावी लागते, आणि त्या वेळी आजचे नियम लागू होतात, जुने नव्हेत. सबब 'चालता दवाखाना' म्हणून मागितलेला जादा भाव खरेदीदाराच्या हिशेबात कोठेच बसत नाही.

तिसरी गोष्ट धंद्याच्या बदललेल्या रीतीची. विमा व सरकारी योजनांमुळे रुग्ण मोठ्या रुग्णालयांकडे वळतो आणि दहा खाटांचा दवाखाना मागे पडतो. तरुण डॉक्टर स्वतःची इमारत बांधण्याऐवजी मोठ्या रुग्णालयात बसणे पसंत करतो.

मग गिऱ्हाईक कोण? आमच्या मते पाच प्रकारचे गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवावे. रक्ततपासणी, डायलिसिस किंवा डोळ्यांच्या उपचारांचे केंद्र चालविणारे, रस्त्यावर तळमजला हवा असलेली बँक किंवा शोरूम, शिकवणी वर्ग, विद्यार्थ्यांचे किंवा परिचारिकांचे वसतिगृह चालविणारे, आणि पाडून नवे बांधणारा बिल्डर. प्रत्येक खोलीला लागून न्हाणीघर असणे शोरूमवाल्याला नकोसे, पण वसतिगृहवाल्याला तीच गोष्ट सोन्यासारखी. स्ट्रेचर मावणारी लिफ्ट आणि थ्री फेज वीज तपासणी केंद्राला हवी, बिल्डरला तिचे मोल शून्य. फलक लावण्यापूर्वी आपली इमारत यांपैकी कोणाच्या कामाची, हे मालकाने ठरविले पाहिजे.

भाव कसा काढावा?

डॉक्टरसाहेबांचा नावलौकिक, लावलेला सागवान आणि शेजारच्याने सांगितलेली ऐकीव किंमत यांवरून भाव ठरत नाही. तो दोन बाजूंनी काढावा. एक, जमिनीचा भाव, ज्यातून पाडण्याचा खर्च वजा करावा. दुसरा, आज ही इमारत किती भाडे देऊ शकेल त्यावरून.

समजा, एका इमारतीस महिना 60 हजार रुपये भाडे येऊ शकते. वर्षाचे 7 लाख 20 हजार झाले. घेणाऱ्यास आपल्या रकमेवर सहा टक्के भाडे सुटावे असे वाटत असेल तर तो 1 कोटी 20 लाखांपर्यंत जाईल. मालक मात्र दीड कोटींवर अडून बसला. तीन वर्षे गेली. या छत्तीस महिन्यांत बुडालेले भाडे 21 लाख 60 हजार. घरपट्टी, राखणदार व किमान वीजबिल मिळून महिना 15 हजार धरले तर 5 लाख 40 हजार. गळती, तुटलेली दारे, चोरीस गेलेल्या तांब्याच्या तारा व नळ यांचे 3 लाख. एकूण बरोबर 30 लाख. ज्या 30 लाखांसाठी तो थांबला, तेवढेच थांबण्यात गेले. आणि चौथ्या वर्षी गिऱ्हाईक आले तरी ते मोडकळीस आलेल्या इमारतीचा भाव सांगणार. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपले आकडे घालून हाच हिशेब प्रत्येकाने कागदावर मांडावा.

गिऱ्हाईक मिळेपर्यंत तळमजला अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स कराराने देणे पुष्कळदा हिताचे ठरते. जागा वापरात राहते आणि येणाऱ्या खरेदीदारास भाड्याचा पुरावा दाखविता येतो. तोंडी बोलीवर मात्र कोणासही बसवू नये.

यंत्रे, फिल्म आणि भंगार

येथे आमच्या भंगार व जुन्या सामानाच्या व्यापारी बंधूंना खास सांगावेसे वाटते. बंद दवाखान्यातील खाटा, कपाटे, जनरेटर यांचा सौदा सरळ आहे. सोनोग्राफी यंत्राचा तसा नाही. गर्भलिंगनिदान प्रतिबंधाच्या 1994 च्या कायद्यानुसार हे यंत्र नोंदणी नसलेल्या व्यक्तीस विकता येत नाही. विकणारा आणि घेणारा दोघेही अडचणीत येतात. एक्स-रे यंत्र हलविण्यापूर्वी किंवा मोडीत काढण्यापूर्वी अणुऊर्जा नियामक मंडळाकडील नोंद पाहून घ्यावी. वापरलेल्या सुया, सलाइनच्या बाटल्या, नळ्या या जैववैद्यकीय कचऱ्यात मोडतात. 2016 च्या नियमांनुसार त्या अधिकृत केंद्राकडेच जायला हव्यात, गोदामात नव्हे. रुग्णांचे केसपेपर रद्दीत घालणे तर सर्वथैव गैर. ते डॉक्टरांनी किंवा त्यांच्या घरच्यांनी ताब्यात ठेवून मुदतीनंतर रीतसर नष्ट करावेत.

हे सर्व उरकून, झाडून, रंगाचा एक हात मारून इमारत दाखविली तर गिऱ्हाईकाचे मन निम्मे तेथेच वळते. औषधांचा वास आणि गंजलेल्या खाटा पाहून कोणी जादा भाव देत नाही.

वारसांचा प्रश्न

खरी गाठ येथे बसते. डॉक्टर हयात नसतील तर इमारत कोणा एकाची नसते. कर्ज, बायकोचा थकलेला मेहर व मर्यादेतील वसीयत फिटल्यावर उरलेल्या मालमत्तेत प्रत्येक वारसाचा हिस्सा मृत्यूच्या क्षणापासून ठरलेला असतो. समजा, मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहेत आणि डॉक्टरांचे आईवडील हयात नाहीत. 1 कोटी 20 लाखांपैकी पत्नीचा आठवा हिस्सा, म्हणजे 15 लाख. उरलेल्या 1 कोटी 5 लाखांपैकी प्रत्येक मुलास 42 लाख व मुलीस 21 लाख. हा हिस्सा मुलीला सासरी दिल्यामुळे किंवा लग्नात खर्च झाल्यामुळे संपत नाही.

आमच्या पाहण्यात असे आले आहे की भाऊ सौदा ठरवितात, बयाणा घेतात, आणि बहिणीला सहीच्या दिवशी बोलावतात. ती दुखावली की सौदा वर्षभर लटकतो, आणि त्यात तिचा दोष नसतो. आधी सर्वांनी एकत्र बसावे, हिस्से लिहून काढावेत आणि किमान कितीला विकायचे ते ठरवावे. एखादी बहीण खुशीने हिस्सा सोडणार असेल तर तिचे हक्कसोडपत्र नोंदणीकृत असावे. वडिलांनी तोंडी हिबा केला होता एवढ्या सांगण्यावर खरेदीदाराचा वकील समाधान मानत नाही. ताबा दिल्याचा व घेतल्याचा पुरावा तो मागणारच.

वारसांत कोणी अज्ञान असेल तर विशेष सावध राहावे. आपल्याकडे मुस्लिम कायद्यानुसार आई ही अज्ञान मुलाच्या मालमत्तेची कायदेशीर पालक ठरत नाही. तिने किंवा चुलत्याने न्यायालयाच्या परवानगीशिवाय मुलाचा हिस्सा विकला तर ती विक्री त्या हिश्शापुरती टिकत नाही. 1918 साली प्रिव्ही कौन्सिलने हा निर्णय दिला होता. 1890 च्या पालक-पाल्य कायद्याखाली जिल्हा न्यायालयातून परवानगी घ्यावी. वेळ लागतो, पण दुसरा रस्ता नाही. खरेदी करणाऱ्या बंधूंनीही हे लक्षात ठेवावे. नाही तर तो मुलगा सज्ञान झाल्यावर दारात उभा राहील.

कागदांची फाईल आणि कर

गिऱ्हाईक येण्यापूर्वी ही फाईल तयार हवी : मिळकत पत्रिका आणि तिच्यावर सर्व वारसांची नावे, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, घरपट्टी-पाणीपट्टीच्या चालू पावत्या, बँकेचा बोजा उतरल्याची नोंद आणि भाडेकरू असल्यास त्याचा करार. विजेची जुनी थकबाकी नव्या मालकाकडून वसूल होऊ शकते असे सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली स्पष्ट केले आहे, म्हणून शेवटचे बिल भरलेले दाखवावे. इमारत रिकामी असल्याची लेखी सूचना महापालिकेस देऊन करात काही सवलत मिळते का, याचीही चौकशी करावी. खालच्या गाळ्यात जुना पगडीचा भाडेकरू असेल तर ती गोष्ट पहिल्याच बैठकीत सांगावी. लपविलेला भाडेकरू सौदा मोडतो, सांगितलेला भाडेकरू फक्त भाव कमी करतो. पुष्कळदा तोच भाडेकरू आपल्या गाळ्याचा सर्वांत चांगला खरेदीदार निघतो.

आता कराचे. हा मजकूर लिहिताना मिरजेसारख्या महापालिका क्षेत्रात मुद्रांक शुल्क सहा टक्के आहे, आणि नोंदणी शुल्क एक टक्का, पण जास्तीत जास्त 30 हजार. 1 कोटी 20 लाखांवर खरेदीदारास सुमारे साडेसात लाख पडतात. स्त्रीच्या नावे घेतल्यास मिळणारी एक टक्क्याची सवलत फक्त निवासी घरास आहे, दवाखान्यास नाही. किंमत 50 लाख किंवा अधिक असेल तर खरेदीदाराने एक टक्का आयकर कापून भरायचा असतो. विकणारे चार असले तरी किंमत एकत्रच धरली जाते.

विकणाऱ्याने दोन वर्षांपेक्षा जास्त काळ मालमत्ता बाळगली असेल तर नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. 23 जुलै 2024 पूर्वी घेतलेल्या मालमत्तेस येथे राहणाऱ्या व्यक्तीला महागाईचा निर्देशांक लावून वीस टक्क्यांचा पर्यायही मिळतो. मात्र डॉक्टरांनी इमारतीवर दरवर्षी घसारा घेतला असेल तर बांधकामापुरता नफा अल्पमुदतीचा धरला जातो आणि कर वाढतो. पुष्कळांना हे सौदा झाल्यावर कळते. तेव्हा चार्टर्ड अकाउंटंटकडे बयाणा घेण्यापूर्वी जावे.

काळ्या-पांढऱ्याचा मोह टाळावा. स्थावराच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्याहून अधिक रोख घेतल्यास तेवढाच दंड होऊ शकतो. सरकारी बाजारमूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून अधिक कमी किंमत दाखविली तर कर सरकारी मूल्यावरच लागतो. मग रोखीत मिळाले काय?

शेवटची गोष्ट ताब्याची. साठेखत नोंदणीकृत करावे आणि पैसे भरण्याच्या तारखा त्यात लिहाव्यात. पूर्ण रक्कम खात्यात येईपर्यंत किल्ली देऊ नये. रंगकाम सुरू करतो, सामान ठेवतो, अशा सबबींवर दिलेला ताबा परत मिळविण्यास वर्षे लागतात. शिवाय ताब्यासह केलेल्या साठेखतावर खरेदीखताएवढे मुद्रांक शुल्क आधीच द्यावे लागते.

रिकाम्या दवाखान्याबरोबर खालचे औषधांचे दुकान, समोरचा चहावाला आणि कोपऱ्यावरचा फळवाला यांचाही धंदा बसतो. इमारत लवकर हाती फिरली तर मालकाबरोबर या सर्वांचे भले होते. तेव्हा ज्यांच्या घरात असा फलक टांगलेला आहे, त्यांनी तो क्षणभर बाजूला ठेवावा, वारसांना बोलावावे, फाईल काढावी आणि थांबण्याचा खर्च कागदावर मांडावा. फलक त्यानंतर पुन्हा लावावा.