सुईण, सिस्टर, मावशी : बाळंतपणात कोणाचं काम काय?

वस्तीतल्या महिलांच्या बैठकीत आम्ही एक प्रश्न हमखास विचारतो. "तुमचं बाळंतपण कोणी केलं?" सत्तरीची आजी म्हणते, सुईणीनं. सून म्हणते, सिस्टरनं. नात सांगते, मॅडमनी सिझर केलं. एखादी हळूच म्हणते, "डॉक्टर यायच्या आधीच मावशीनं बाळ हातात घेतलं." 'मी केलं' असं कोणीच म्हणत नाही. खरं तर आपल्या भाषेत 'कळा देणं' असा शब्द आहे. कळा देते ती बाईच. पण बाळ बाहेर आलं की लगेच 'तिला सोडवली' म्हणतात, आणि श्रेय सोडवणाऱ्याकडे जातं.

सोडवणारी कोण, हे तिच्या नावावरून कळायला हवं. नेमकं तिथंच घोटाळा होतो आणि कधी कधी तो जिवावर बेततो.

सुईण आधी पाहू. अनेक गावांत हे काम मांग, महार किंवा न्हावी समाजाच्या बायकांकडे असे. पोटावर हात ठेवून बाळाचं डोकं कुठं आहे ते ओळखणं, रात्रभर बाईच्या पाठीशी बसणं, तिला उठवून फिरवणं, नंतर बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे सगळं ती करायची. वाड्यावर मात्र तिची ओळख एकच, 'नाळ कापणारी'. नाळ आणि वार म्हणजे विटाळ, म्हणून ते काम खालच्या जातीनं करायचं. एवढ्या मोठ्या कामातला ज्याला विटाळ मानला तेवढाच भाग निवडून त्याचं नाव तिला दिलं. मोबदला काय, तर धान्य आणि जुनं लुगडं. ज्यांनी हे काम सोडलं त्यांना आम्ही दोष देत नाही. सुईणीकडं ज्ञान होतं, पण तिला मान कोणी दिला नाही.

'दाई' हा शब्द सरकारी कागदांतून जास्त रुळला. सरकारनं दायांना प्रशिक्षण दिलं, साबण-ब्लेड-दोऱ्याची पेटी दिली आणि पाच स्वच्छता शिकवल्या : हात, जागा, ब्लेड, दोरा आणि नाळेचं टोक स्वच्छ. स्वच्छता आणि आईला दिलेली धनुर्वाताची लस यांमुळं नवजात बाळांचा धनुर्वात हटला. 2015 साली भारतानं ते उद्दिष्ट गाठलं. पण बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला की पेटी काय करणार? तिथं गर्भाशय आवळणारं इंजेक्शन लागतं, रक्त लागतं, कधी ऑपरेशन लागतं. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेनं 'कुशल प्रसूती सेविका' कोणाला म्हणायचं ते ठरवलं, तेव्हा प्रशिक्षित दाईसुद्धा त्यात बसली नाही. पुढं 2005 पासून दवाखान्यातल्या बाळंतपणावर भर आला. जीव वाचवायचे तर हे बरोबरच होतं. फक्त रात्रभर पाठीशी बसणारी बाई त्यात हरवली, याचं आम्हाला वाईट वाटतं. 2016 मध्ये केंद्रानं सरकारी प्रसूती कक्षात ओळखीची एक बाई सोबत ठेवायला मान्यता दिली. ही सोबत हक्कानं मागा.

आशाताईंबद्दल गैरसमज फार आहे. आशा बाळंतपण करत नाही. नोंदणी करून घेणं, तपासणीला नेणं, गाडी बोलावणं, सोबत जाणं हे तिचं काम. रात्री दोन वाजता "ताई, घरीच करा की" म्हणून तिला गळ घालणं म्हणजे तिला आणि बाळंतिणीला दोघींना संकटात टाकणं. उपकेंद्रातली आरोग्यसेविका, म्हणजे एएनएम, मात्र बाळंतपण शिकलेली असते. एएनएम आणि जीएनएम या दोन्ही नावांतला शेवटचा 'एम' मिडवाइफचा आहे, मराठीत प्रसाविका. तो 'एम' कोणी वाचतच नाही, 'नर्सबाई' म्हणून मोकळे होतात. जीएनएमचा डिप्लोमा करताना आम्हीही प्रसूती कक्षातल्या पाळ्या केल्या. सलाईन लावण्यापुरतं ते शिक्षण नसतं.

सगळ्यात फसवा शब्द 'सिस्टर'. सरकारी दवाखान्यात सिस्टर बहुतेक नोंदणीकृत परिचारिका असते. काही छोट्या खाजगी नर्सिंग होममध्ये मात्र बारावी झालेल्या मुलीला पांढरा गणवेश दिला की ती सिस्टर होते. तिला राबवून घेणाऱ्या मालकाला विचारा, मुलीला बोलू नका. सातव्या-आठव्या महिन्यात नाव घालायला जाल तेव्हाच विचारून घ्या : रात्रपाळीला महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी असलेली नर्स असते का? डॉक्टर रात्री किती वेळात पोचतात? रक्त कुठून आणता? कळा वाढवायचं इंजेक्शन दिलं तर बाळाचे ठोके कोण मोजत बसतं? शेवटच्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरा दवाखाना बघा. त्या इंजेक्शनवर नीट लक्ष ठेवलं नाही तर बाळ गुदमरतं, गर्भाशय फाटूही शकतं.

आणि मावशी. फरशी पुसते, रक्तानं भरलेले कपडे उचलते, बाईला संडासला नेते, "जोर लाव गं" म्हणते. बाळंतपण करणं तिच्या कामात बसत नाही, तरी सिस्टर दुसऱ्या खाटेवर अडकली की बाळ तिच्याच हातात येतं. ती बऱ्याचदा आपल्याच वस्तीतली, ठेकेदाराकडची. 'मावशी' म्हटल्यानं नातं जुळतं, पगार वाढत नाही. सुईणीला विटाळ चिकटवून जे काम दिलं, ते आज हिच्याकडं ठेक्यावर आलंय.

बाळ झाल्यावर मावशी खुशी मागते आणि घरचे लोक तिच्यावर चिडतात. सरकारी दवाखान्यात 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार बाळंतपण, सिझर, औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडणारी गाडी सगळं मोफत आहे. कोणालाही पैसे द्यायची गरज नाही, आणि तसं सांगायला घाबरू नका. मावशीला ठेकेदार किमान वेतन देतो का, हा प्रश्न मात्र रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत लेखी मांडा. अर्जावर तिच्या कामाचं नाव 'सफाई' एवढंच न लिहिता ती प्रसूती कक्षात काय काय करते ते सगळं लिहा.