खांद्याची शस्त्रक्रिया आणि रात्रीची छोटी गोळी

जोयडा तालुक्यात भातलावणी, मोळी वाहणं, कंदमुळं खणणं, सुपारी उतरवणं, सगळं हातावर चालतं. साठीकडे झुकता झुकता खांद्यातली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी, झिजत जाते आणि एखाद्या झटक्यात तुटते. मग धारवाड, हुबळी, कारवार नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठावं लागतं. शस्त्रक्रिया होऊन घरी आल्यावर औषधांच्या चिठ्ठीत कधी ॲमिट्रिप्टिलीन किंवा ड्युलॉक्सेटिन सापडतं. शिकलेला पुतण्या मोबाइलवर बघून सांगतो, ही तर नैराश्याची गोळी! घरात कुजबुज सुरू होते.

सर्जन हाडात बारीक खिळा रोवून दोऱ्याने कंडरा ओढून बसवतो. जोडण्याचं काम मात्र शरीराचं. पहिला आठवडा सूज. पुढचे काही आठवडे घाईघाईने, वेडंवाकडं कोलॅजन, म्हणजे कंडरेच्या धाग्यांचं प्रथिन, साठतं. हे नवं कोलॅजन ओढीच्या दिशेने रांगेत लागून घट्ट व्हायला सहा महिने ते वर्ष. तोवर बराचसा भार टाक्यांवर असतो, म्हणून हात साधारण चार ते सहा आठवडे झोळीत आणि जोराचं काम तीन महिन्यांनंतरच.

यात त्या गोळीचं काय? कंडरा सांधायला कोणतंही नैराश्यविरोधी औषध मान्यताप्राप्त नाही. उंदरांच्या त्वचेच्या जखमांवर फ्लुऑक्सेटिन या अशाच एका औषधाचे प्रयोग झालेत, पण उंदराच्या कातडीवरून माणसाच्या खांद्याबद्दल छातीठोक बोलता येत नाही. गोळी दिली जाते ती मुख्यतः वेदनेसाठी. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारे काही मज्जातंतू वेदनेचे निरोप दाबतात. त्यासाठी ते सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनलिन वापरतात. ही औषधं ती रसायनं तिथे जास्त वेळ टिकवतात. ॲमिट्रिप्टिलीनचा वेदनेसाठीचा डोस बहुधा रात्री १० ते २५ मिलिग्रॅम, नैराश्यासाठीच्या डोसापेक्षा पुष्कळ कमी. झोपही लागते. खांद्याचं दुखणं रात्रीच उसळतं, तेव्हा हे लहान काम नव्हे. झोपलेला माणूस सकाळी व्यायाम करतो, जागलेला टाळतो.

कुणाला खरोखरच नैराश्य असेल, तर ते वेगळं दुखणं. त्याचे उपचार पूर्ण डोसाने होतात आणि मन सावरू लागायला दोन ते सहा आठवडे लागतात. धारवाडला त्यासाठी डिम्हान्स ही मानसिक आरोग्याची संस्था आहे. तिथे जाण्यात लाज कसली? (तंबाखू आणि वाढलेली साखर कंडरेला खरी नडते, पण त्यांच्यावर कुजबुज होत नाही.)

जपायचं ते असं. ॲमिट्रिप्टिलीनने तोंड सुकतं, सुस्ती येते. प्रोस्टेट वाढलेल्यांची लघवी अडू शकते, आणि रात्री अंधारात उठताना पडायला झालं तर टाके धोक्यात. फ्लुऑक्सेटिनसारख्या गोळ्यांनी रक्तातल्या प्लेटलेटांतलं सेरोटोनिन घटतं. सोबत डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक असलं तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. ट्रॅमाडॉल या दुसऱ्या वेदनाशामकासोबत घेतल्यास क्वचित थरथर, घाम, ताप, गोंधळलेपण येतं. तसं झालं तर लगेच दवाखाना गाठावा. आधीपासून अशी गोळी चालू असेल तर शस्त्रक्रियेपूर्वीच सांगावं, आणि स्वतःच्या मनाने ती एकाएकी बंद करू नये: चक्कर, चिडचिड, झोपमोड मागे लागते. बंद करायचीच असेल तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.