फोनवर समोरचा गप्प असतो, तेव्हा ती 'स्स्स' कुठून येते?

माझं गाव कारंजा लाड, जिल्हा वाशिम. मी पुण्यात इंटरनेटवरून कॉल करायचं सॉफ्टवेअर लिहितो. आपण लिहिलेलं ॲप आधी घरच्यांच्या फोनमध्ये टाकून बघायचं ही माझी सवय. ती एकदा चांगलीच महागात पडली.

बाबांनी त्याच ॲपवरून फोन केला होता. बहिणीच्या ॲडमिशनचं चाललं होतं. ते म्हणाले, "दोन एकर वावर इकून टाकू म्हणतो. तुले काय वाटते?" मी गप्प झालो. विचार करत होतो. तिकडून आवाज आला, "हॅलो... हॅलो..." आणि कॉल बंद. परत लावला तर उचलला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलले, तेव्हा कळलं. "तुले राग आला, तू फोन ठेवून देल्ला. मंग मी काय बोलू?"

मी फोन ठेवलाच नव्हता. फक्त मी गप्प बसल्यावर माझं ॲप त्यांच्या कानात पूर्ण शून्य वाजवत होतं. तारेच्या लँडलाइनवर थोडी खरखर कायम असायची. त्यामुळे आपल्या कानाचा हिशेब पक्का झालाय: खरखर आहे तर माणूस लाइनवर आहे, खरखर गेली तर फोन कटला.

आता मुळात शून्य का वाजवायचं? कॉलमध्ये साधारण एका वेळी एकच जण बोलतो. म्हणजे प्रत्येक बाजूने अर्ध्याहून जास्त वेळ शांतताच पाठवली जाते. इंटरनेट कॉलमध्ये जुना जी.७११ कोडेक वापरला, तर आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात आणि दर २० मिलिसेकंदांना १६० नमुन्यांचं एक पॅकेट निघतं. सेकंदाला ५० पॅकेट. हेडर धरून हे ८० किलोबिट प्रति सेकंद होतं. शांततेसाठी एवढा डेटा आणि बॅटरी कशाला जाळायची? म्हणून सॉफ्टवेअर ओळखतं की आता कोणी बोलत नाही, आणि पाठवणं थांबवतं.

थांबवलं की दुसऱ्या टोकाला भोक पडतं. ते बुजवायला जो आवाज तयार करतात त्याला 'कम्फर्ट नॉइज' म्हणतात. तुमच्या साध्या मोबाइल कॉलमध्येही हे होतं. समोरचा फोन शांततेत फक्त अधूनमधून एक छोटा निरोप पाठवतो: माझ्या खोलीतला आवाज साधारण इतका आणि असा आहे. जुन्या जीएसएममध्ये हा निरोप दर ४८० मिलिसेकंदांनी, एएमआर कोडेकमध्ये दर १६० मिलिसेकंदांनी जातो. त्यावरून खरखर बनवतो तुमचाच फोन. म्हणजे तुम्हाला ऐकू येणारी ती 'स्स्स' समोरच्याच्या खोलीतून आलेली नसते. इंटरनेट कॉलसाठी अशा निरोपाचा नमुना २००२ च्या आरएफसी ३३८९ मध्ये आहे: पहिल्या बाइटमध्ये आवाजाची पातळी, पुढे वाटल्यास त्याचा पोत सांगणारे आकडे.

मी म्हटलं, सोपं आहे. एक सेकंदाची खरखर रेकॉर्ड करून फिरवत ठेवू. ऐकलं तर दर सेकंदाला तोच तुकडा परत येतोय हे लगेच कळत होतं. पाण्याची मोटर लांबून चालू असावी तसं. आपला कान आवर्तन पकडण्यात फार हुशार असतो. म्हणजे खरखर जागच्या जागी, ताजी बनवायला हवी.

इथे खरी अडचण येते. आवाजाचा थ्रेड दर २० मिलिसेकंदांना १६० नमुने मागतो आणि ते वेळेत नाही दिले तर आवाज तुटतो. त्यामुळे त्या थ्रेडमध्ये फाइल वाचायची नाही, मेमरी मागायची नाही, कुठल्याही लॉकसाठी रांगेत उभं राहायचं नाही. मी सरळ रँड फंक्शन वापरलं होतं. लिनक्सवर नेहमी असणाऱ्या ग्लिबसीमध्ये त्याच्या आत लॉक असतं. माझ्या लॅपटॉपवर काही झालं नाही, सर्व्हरवर शेकडो कॉल एकदम आले की टकटक सुरू.

उपाय म्हणजे एका ओळीचं गणित: नवा आकडा = जुना आकडा × ३१८२१ + १३८४९, आणि उत्तराचे शेवटचे १६ बिट ठेवायचे. हेच दोन आकडे जी.७२९ कोडेकच्या आयटीयूने दिलेल्या कोडमध्ये आहेत, आणि फ्रीस्विच या मुक्त टेलिफोनी सॉफ्टवेअरमध्येही. फ्रीस्विच असे सहा आकडे बेरीज करून एक नमुना काढतं. बेरजेमुळे टोकाचे आकडे कमी येतात आणि खरखर मऊ वाटते. गंमत अशी की १६ बिटांत हे चक्र ६५,५३६ आकड्यांनी परत पहिल्यापासून सुरू होतं. नमुन्यामागे सहा आकडे खर्च केले तर जेमतेम चार सेकंदांत. बहुतेकांना ते कळत नाही, पण मोटर ऐकून झाल्यावर माझं मन मानेना. मी ३२ बिट ठेवले आणि त्यातले वरचे वापरले.

तरीही ती खरखर जुन्या टीव्हीवर चॅनेल गेल्यासारखी वाटत होती. खोलीतला आवाज, म्हणजे पंखा, रस्ता, फ्रिज, हा खालच्या सुरांत जास्त असतो. म्हणून प्रत्येक नमुन्यात मागच्या नमुन्याचा बराच भाग आणि नव्याचा थोडासा मिसळायचा. वरचे कर्कश सूर आपोआप दबतात.

बोलणं संपलं हे ओळखण्यात घाई केली तर आणखी एक घोळ होतो, आणि तो मराठीत जास्त बोचतो. आपलं 'नाही' वाक्याच्या शेवटी येतं, तेही बऱ्याचदा हळू आवाजात. "मला हे पटत नाही" यातला शेवटचा शब्द सॉफ्टवेअरने शांतता समजून कापला, तर उरतं काय? म्हणून आवाज खाली गेल्यावरही काही पॅकेट पाठवत राहायची. मी २०० मिलिसेकंद ठेवले.

एका गोष्टीवर टीममध्ये माझं भांडणही झालं. ही खरखर फोन स्वतःच बनवतो. मग समोरच्याची रेंज खरंच गेली तर? खरखर चालूच राहील आणि माणूस एकटाच बोलत बसेल. एका सहकाऱ्याचं म्हणणं, युजरला तुटल्यासारखं वाटायलाच नको. मला ही सरळ फसवणूक वाटते. शेवटी ठरलं ते असं: समोरून तो छोटा निरोप येतोय तोवरच खरखर. दोन सेकंद निरोप आला नाही की ती हळूहळू विझवायची आणि स्क्रीनवर 'कनेक्शन गेलं' दाखवायचं.

तुम्हालाही हे ऐकता येईल. रात्री शांत खोलीत इअरफोन लावून मित्राला साधा कॉल करा, त्याला गप्प बसायला सांगा. तो बोलायला लागतो तेव्हा मागचा आवाज किंचित बदलतो का ते ऐका. तो सांधा म्हणजे खऱ्या आणि बनवलेल्या आवाजाची हद्द.

नवीन बिल्ड मी आधी बाबांच्याच फोनमध्ये टाकलं. वावराचा विषय पुन्हा निघाला आणि मी पुन्हा गप्प झालो. दहा-बारा सेकंद तरी. ते थांबले. मग म्हणाले, "एवढ्या थंडीत पंखा लावला का बे तू?"

पंखा बंद होता. मी पातळी उणे ४५ डेसिबलवर ठेवली होती, दुसऱ्या दिवशी ती उणे ६० केली. वावराचं मात्र त्याच कॉलवर ठरलं: तूर निघेपर्यंत थांबायचं, फीसाठी आधी माझी एफडी मोडायची.