शैक्षणिक संग्रहातील डिजिटल संचिकांचे दीर्घकालीन जतन

शोधप्रबंध, संशोधनाची आकडेवारी, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे इत्यादींच्या संगणकीय संचिका अनेक दशकांनंतरही शाबूत राहतील, उघडतील आणि वाचणाऱ्याला त्यांचा अर्थ कळेल, यासाठी विद्यापीठे व ग्रंथालये जी अखंड प्रक्रिया राबवितात तिला डिजिटल जतन असे म्हणतात. छापील ग्रंथ कपाटात दुर्लक्षित राहिला तरी पन्नास वर्षांनी बहुधा वाचता येतो. संचिकेच्या बाबतीत तशी खात्री देता येत नाही. साठवणुकीचे साधन बिघडते, आज्ञावली कालबाह्य होते आणि मजकूर ज्या टंकात लिहिला तो टंकही वापरातून जातो. महाराष्ट्रात या तिसऱ्या कारणाला विशेष महत्त्व आहे.

== पार्श्वभूमी ==
बुलढाणा जिल्हा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. १९८३ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाच्या क्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ व वाशीम हे जिल्हेही आहेत. पूर्वी प्रबंधाच्या मोजक्या छापील प्रती विद्यापीठाच्या ग्रंथालयात राहत आणि दूरच्या वाचकाला त्या पाहण्यासाठी तेथे जावे लागे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार पीएच.डी. पदवी जाहीर झाल्यावर ३० दिवसांच्या आत प्रबंधाची संगणकीय प्रत सादर करणे विद्यापीठांवर बंधनकारक झाले. गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात हे प्रबंध प्रकरणनिहाय पीडीएफ संचिकांच्या रूपात ठेवले जातात. हा संग्रह 'डीस्पेस' या मुक्त आज्ञावलीवर चालतो. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था व ह्यूलेट-पॅकार्ड यांनी ती तयार करून २००२ मध्ये प्रथम उपलब्ध केली.

== जतनाचे तीन स्तर ==
पहिला स्तर संचिकेच्या शाबूतपणाचा आहे. संचिका दाखल होताना तिच्यातील सर्व अंकांवरून एक लहान पडताळा-अंक काढून नोंदविला जातो. पुढे ठरावीक काळाने तो पुन्हा काढून मूळ नोंदीशी ताडून पाहतात. संचिकेतील एक अंक जरी बदलला तरी पडताळा जुळत नाही आणि अन्यत्र ठेवलेल्या चांगल्या प्रतीवरून ती दुरुस्त करता येते. त्यामुळे प्रती एकाहून अधिक आणि वेगवेगळ्या ठिकाणी असणे आवश्यक ठरते.

दुसरा स्तर स्वरूपाचा आहे. ज्याची रचना जाहीर आहे असे स्वरूप जतनासाठी पसंत केले जाते. पीडीएफ/ए हे २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झालेले स्वरूप याच हेतूने तयार झाले. त्यात वापरलेले टंक संचिकेतच अंतर्भूत करावे लागतात आणि संकेतशब्दाचे कुलूप चालत नाही.

तिसरा स्तर अर्थाचा आहे. शीर्षक, लेखक, मार्गदर्शक, वर्ष, विषय, मोजमापाची एकके आणि नमुना घेतल्याची जागा व दिनांक ही माहिती संचिकेसोबत नसेल, तर ती उघडूनही उपयोग होत नाही.

== देवनागरी मजकुराचा प्रश्न ==
युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी यांसारख्या टंकांत लिहिला जाई आणि काही ठिकाणी अजूनही लिहिला जातो. या टंकांत देवनागरी अक्षरांची चित्रे लॅटिन अक्षरांच्या जागी बसविलेली असतात. कृतिदेवात 'क' उमटतो, पण संचिकेत नोंद होते ती लॅटिन 'डी'ची, म्हणजे १०० या क्रमांकाची. युनिकोडमध्ये 'क'चा स्वतंत्र क्रमांक २३२५ आहे.

अशा संचिकेत टंक अंतर्भूत असल्यास पान पडद्यावर शुद्ध मराठीत दिसते. मात्र शोधयंत्राला तेथे निरर्थक लॅटिन अक्षरेच सापडतात. मराठी शब्द टाकून शोध घेतल्यास तो प्रबंध हाती लागत नाही आणि दृष्टिहीन वाचकांसाठीची वाचन-आज्ञावलीही तो वाचू शकत नाही. पीडीएफ/ए मानकातील 'बी' हा प्राथमिक दर्जा केवळ पान हुबेहूब दिसण्याची हमी देतो, त्यामुळे अशी संचिकाही त्यात उत्तीर्ण होऊ शकते. 'ए' आणि २०११ मध्ये आलेल्या 'यू' या दर्जांत अक्षरांची युनिकोडशी सांगड आवश्यक असते.

यावर दोन उपाय योजले जातात. मूळ टंकलिखित संचिका उपलब्ध असल्यास परिवर्तकाने तिचे युनिकोडमध्ये रूपांतर करून जोडाक्षरे व रफार तपासले जातात. ती नसल्यास पानांच्या प्रतिमांवरून अक्षर-ओळख करून मजकूर तयार केला जातो. दोन्ही प्रकारांत मूळ संचिका नष्ट न करता नव्या संचिकेसोबत ठेवली जाते, कारण रूपांतरातील चूक पुढे कधीही लक्षात येऊ शकते.

== लोणारचे उदाहरण ==
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जुन्या नोंदींचे मोल दाखविते. बेसाल्ट खडकात उल्काघाताने झालेल्या, सुमारे १.८ किमी व्यासाच्या या विवरातील पाणी खारे व अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत त्याचा संबंध क्षारप्रिय सूक्ष्मजीवांशी जोडला गेला. असा बदल पूर्वी किती प्रमाणात होत होता, हे ठरविण्यासाठी आधीच्या दशकांतील क्षारता, सामू व सूक्ष्मजीव यांच्या नोंदी लागतात. पावसाळ्यात व उन्हाळ्यात पाण्याची पातळी भिन्न असल्याने नमुन्याचा दिनांक नसलेला आकडा तुलनेला निरुपयोगी ठरतो. निसर्गातील मोजमाप मागे जाऊन पुन्हा घेता येत नाही. हरवलेली नोंद कायमची हरवते.

== मानके व भारतातील प्रयत्न ==
जतन-संग्रहाची आदर्श रचना आयएसओ १४७२१ या मानकात, तर अशा संग्रहाची विश्वासार्हता तपासण्याचे निकष आयएसओ १६३६३ मध्ये दिले आहेत. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्रात, म्हणजेच सी-डॅकमध्ये, राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत डिजिटल जतनाचे उत्कृष्टता केंद्र उभारण्यात आले. नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रातील राष्ट्रीय सांस्कृतिक दृक्‌श्राव्य अभिलेखागाराला २०१७ मध्ये आयएसओ १६३६३ नुसार प्रमाणपत्र मिळाले.

== मर्यादा ==
मध्यवर्ती संग्रहात सामान्यतः अंतिम प्रबंधच पोहोचतो. त्यामागील कच्ची आकडेवारी, मुलाखतींची ध्वनिमुद्रणे आणि क्षेत्रीय छायाचित्रे संशोधकाच्या किंवा विभागाच्या संगणकावर राहतात व संगणक बदलताना नाहीशी होण्याचा धोका असतो. त्यांचे जतन व्हायचे असेल तर त्या प्रबंधासोबतच, दिनांक व एककांच्या नोंदीसह, महाविद्यालयीन ग्रंथालयाकडे सुपूर्द होणे आवश्यक असते.