वीज कुठे पिकवायची?

उजनीच्या कालव्याच्या टेलला ज्याची जमीन आहे, त्याला वितरण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. मुखाशी धो धो वाहणारे पाणी टेलला पोचेपर्यंत बारीक होते. विजेचेही तसेच आहे. उपकेंद्रातून निघालेली ११ हजार व्होल्टची वाहिनी वाड्यावस्त्यांना वीज देत पुढे जाते. शेवटच्या वस्तीवर दिवा मिणमिणतो, पंपाची मोटर गुरगुरते आणि एखाद्या दिवशी जळते. मोटर भरून येईपर्यंत पीक माना टाकते.

वाटेत वीज जाते कुठे? तार तापवण्यात. प्रवाह दुप्पट झाला की ही नासाडी चौपट होते. प्रवाह निम्मा केला तर चौथा हिस्सा उरते. म्हणून वाहिनीवरच छोटे वीजकेंद्र उभारायचे. टेलच्या शेतकऱ्याने विहीर काढावी, तसे.

पण विहीर कुठे काढायची? अगदी उपकेंद्रात काढली, तर त्या वाहिनीची नासाडी कमी होत नाही. ग्राहक सारखे पसरलेले असतील, तर अभियंत्यांचा एक ठोकताळा आहे: वाहिनी ९ किलोमीटरची असेल तर केंद्र ६व्या किलोमीटरवर हवे आणि त्याने एकूण मागणीच्या दोनतृतीयांश वीज द्यावी. मात्र गावे अशी मोजून वसलेली नसतात. म्हणून वाहिनीचा नकाशा संगणकावर मांडून जागा तपासावी लागते.

केंद्र गरजेपेक्षा मोठे झाले तर? पावसाळ्यात पंप बंद असतात आणि उघडीप पडली की ऊन मात्र कडक असते. जास्तीची वीज उलट वाहू लागते, व्होल्टेज चढते. नासाडी कमी होण्याऐवजी वाढूही शकते.

राज्यात २०१७ साली सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत आणि २०२३च्या तिच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीला वीज देणाऱ्या उपकेंद्रांच्या आसपासची जमीन घेतली जाते. टेलच्या नासाडीचा थोडा फायदा त्यात सुटतो. पण उरलेली वीज उपकेंद्रातून दुसऱ्या वाहिन्यांना देता येते. शिवाय ऊन आणि पंपाची वेळ जुळते. रात्री साप-विंचवाच्या भीतीत पाणी देणाऱ्याला दिवसा वीज मिळणे ही लहान गोष्ट नव्हे. दुसऱ्या टप्प्यात जमिनीला हेक्टरी वार्षिक १ लाख २५ हजार रुपये भाडे ठरले.

आणखी एक गोष्ट विसरू नये. पूर्वी वीज एकाच बाजूने येई. आता वायरमन खांबावर चढतो, तेव्हा ती दुसऱ्या बाजूनेही येऊ शकते. मुख्य पुरवठा थांबताच छोट्या केंद्राने आपोआप अलग झालेच पाहिजे. तिथे चूक झाली, तर किंमत माणसाच्या जिवाने मोजावी लागते.

तेव्हा गावात जमिनीचा विषय निघाला, तर भाड्याबरोबर दोन प्रश्न जरूर विचारावेत: इथून उपकेंद्र किती लांब आहे? आणि भर दुपारी ही वीज वापरणार कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)