संगीत नाटकांचे पहिले प्रयोग आणि ‘अपुऱ्या’ प्रती

मराठी संगीत नाटकाचा जन्मदिन म्हणून ता. ३१ ऑक्टोबर १८८० हा दिवस सर्वश्रुत आहे. त्या दिवशीं पुणें येथील आनंदोद्भव नाट्यगृहांत बळवंत पांडुरंग ऊर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. तत्पूर्वीं विष्णुदास भावे यांनीं इ. स. १८४३ मध्यें सांगली येथें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें होतें व त्यांतहि गायन होतेंच. परंतु त्या पद्धतींत गाण्याचा मुख्य भार सूत्रधारावर असे. पात्रानें आपलें पद आपणच गावें हा परिपाठ किर्लोस्करांनीं रूढ केला. हें सर्व प्रसिद्धच आहे. आम्हांस येथें विचार कर्तव्य आहे तो या तारखेच्या निराळ्याच एका अंगाचा. कारण जुन्या नाट्यप्रतींची परीक्षा करणारास त्याचा निकट संबंध पोंचतो.

कालिदासाचें मूळ नाटक सात अंकांचें आहे. उपर्युक्त दिवशीं मात्र पहिले चारच अंक झाले. चवथ्या अंकाच्या शेवटीं शकुंतला कण्वाश्रम सोडून पतिगृहीं निघते व कथानकास सहजच विसांवा मिळतो. उरलेले अंक मागाहून रंगभूमीवर आले. म्हणजे ‘पहिला प्रयोग’ या शब्दांनीं संपूर्ण नाटकाचा बोध करून घेणें युक्त नव्हे.

हा प्रकार एकदांच घडला असेंहि नाहीं. ‘संगीत सौभद्रा’चे अंक पांच. त्यांपैकीं पहिले तीन ता. १८ नोव्हेंबर १८८२ रोजीं पुण्यास झाले आणि पांचहि अंकांचा प्रयोग मार्च १८८३ मध्यें झाला. तिसरें नाटक ‘रामराज्यवियोग’. याचेहि तीन अंक इ. स. १८८४ मध्यें झाले, परंतु ता. २ नोव्हेंबर १८८५ रोजीं किर्लोस्कर निवर्तले आणि तें नाटक कायमचें अपुरें राहिलें. एकाच कर्त्याच्या या तीन नाटकांवरून असें दिसतें कीं, जेवढे अंक सिद्ध होतील तेवढे प्रेक्षकांपुढें मांडावयाचे, ही त्या मंडळीची रीतच होती.

यावरून संग्राहकांनीं पुढील गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. ‘शाकुंतला’ची चार अंकांची किंवा ‘सौभद्रा’ची तीन अंकांची प्रत हातीं आली असतां, शेवटचीं पत्रें गहाळ झालीं असें समजून तिजवर ‘त्रुटित’ असा शेरा मारूं नये. अखेरच्या पत्रावर कोरी जागा राहिली आहे काय, अंकसमाप्तीची खूण आहे काय, हें आधीं पाहावें. तशी खूण असल्यास ती प्रत आपल्या काळापुरती पूर्णच असण्याचा संभव आहे. दुसरें, केवळ शकावरून निर्णय करूं नये. शके १८०४ हें वर्ष इ. स. १८८३ च्या एप्रिलांत संपतें. त्यामुळें ‘सौभद्रा’चा तीन अंकांचा आणि पांच अंकांचा असे दोन्ही प्रयोग एकाच शकांत पडतात. तेथें मास व तिथि मिळाल्याखेरीज प्रत कोणत्या अवस्थेची हें ठरणार नाहीं. तिसरें, ज्यांत एकाच पात्राचीं भाषणें व पदें आढळतात, तो कागद नाटकाचा तुटलेला तुकडा नसून नटास पाठांतरासाठीं दिलेली नक्कल असूं शकते. पदांवर लिहिलेल्या चालीहि जशाच्या तशा उतरून घ्याव्या. पद कोणत्या वळणावर म्हटलें जाई, हें कळण्यास दुसरें साधन बहुधा नसतें.

छापील नाटक अखेरचें रूप दाखवितें. पहिल्या रात्रीं प्रेक्षकांनीं काय ऐकलें, तें सांगण्याचें सामर्थ्य अशा अपुऱ्या प्रतींतच असतें. पूर्ण प्रतीच्या लोभानें त्या रद्दींत गेल्या, तर पहिल्या प्रयोगाची तारीख तेवढी उरेल, प्रयोग मात्र हातचा जाईल.