मिनी पोकलेनने चर खोदताय? तास मोजण्याआधी बकेट बघा

पावसाळा तोंडावर आला की मिनी पोकलेनला मागणी वाढते. कुणाला पाइपलाइन गाडायची असते, कुणाला शेतात साचणारं पाणी बाहेर काढायचं असतं. मशीन तासावर येतं, त्यामुळे सगळे तासाचा भाव विचारतात. बकेट किती रुंद आहे, हे मात्र फार कमी जण विचारतात. खरा खर्च तिथेच वाढतो.

एक फूट की दोन फूट?

साधा हिशोब करू. 300 फूट लांब आणि 3 फूट खोल चर एक फुटी बकेटने खोदला तर 9 ब्रास माती निघते. तोच चर दोन फुटी बकेटने खोदला तर 18 ब्रास. माती दुप्पट निघते आणि ती पुन्हा लोटावीही लागते. तीन इंची पाइपलाइनसाठी एक फुटी, दाताची बकेट पुरते. कडक मुरुमातही अरुंद बकेटच बरी, कारण सगळा जोर थोड्या दातांवर येतो. काळी माती ओली असेल तर मात्र ती अरुंद बकेटमध्ये चिकटून बसते आणि दर खेपेला झटकावी लागते. म्हणून चिखलात घाई करू नका, वापसा येऊ द्या.

निचऱ्याच्या चराचं गणित वेगळं

उघड्या चराच्या कडा काळ्या रानात सरळ उभ्या ठेवल्या तर पहिल्या मोठ्या पावसात ढासळतात आणि चर बुजतो. खोली जेवढी, तेवढा तरी उतार दोन्ही बाजूंना द्या. तळ 1 फूट आणि खोली 3 फूट असेल तर वरची रुंदी 7 फूट होते. आधी मधला भाग दाताच्या बकेटने काढा, मग रुंद बिनदाती बकेटने कडा तासून घ्या. जुना चर साफ करायलाही हीच बकेट कामाला येते. दात नसल्याने तळ उकरला जात नाही.

सुरुवात खालून करा

पाणी जिथून बाहेर पडणार, त्या खालच्या टोकापासून खोदाई सुरू करून चढाकडे सरका. खोदताना पाणी लागलं तरी ते उताराने निघून जातं, मशीनखाली साचत नाही. मशीन चराच्या रेषेवर, दोन्ही पट्टे दोन बाजूंना ठेवून उभं करा. ब्लेड टेकवा, माती स्वतःकडे ओढा आणि मागे सरका. एकदम खोल घास घेण्यापेक्षा थराथराने काढा. बकेट आडवी फिरवून कडेवर आपटू नका, पिना आणि बुश झिजतात.

उतार डोळ्याने ठरवू नका. दोरी आणि गवंड्याची पाण्याची लेव्हल नळी पुरेशी आहे. 100 फुटाला 3 ते 6 इंच उतार ठेवा. मध्ये तळ खोल गेला तर तिथे पाणी साचणार आणि पीक पिवळं पडणार.

हे विसरू नका

जुनी पाइपलाइन, ठिबकची मेन, मोटारीची केबल कुठून गेली आहे, ते आधी चुन्याने आखा. पाणी शेजाऱ्याच्या रानात उतरणार असेल तर खोदण्याआधी त्याच्याशी बोला. बांधावरची भांडणं इथूनच सुरू होतात.

काढलेली माती कडेला लागून टाकू नका, निदान तीन फूट लांब टाका. तिच्या भाराने कड आत येते. एक ब्रास ओली माती चार टनांहून जड भरते. खोल, उभ्या कडांच्या चरात पाइप जोडायला माणूस उतरवणं जिवावरचं काम आहे. जोड वरच करून पाइप खाली सोडा. उतरावंच लागलं तर आधी कडांना उतार द्या आणि मशीन लांब घ्या.

मशीनवाल्याला फोन कराल तेव्हा भावाआधी हे विचारा: बकेट कोणकोणत्या आहेत, आणि बिनदाती आहे का?